प्रत्येक ‘खूप’ला ‘मुई फुएर्ते’ चालत नाही

स्पॅनिशमध्ये ‘युबिआ मुई फुएर्ते’ (खूप जोराचा पाऊस) आणि ‘दोलोर मुई फुएर्ते’ (खूप जोराचं दुखणं) चाललं, मग ‘आम्ब्रे मुई फुएर्ते’ (भूक) का खोडलं, असं तुम्ही विचारलंय. ‘फुएर्ते’चा अर्थ तुम्हाला बरोबर कळलाय. गोची अशी, की तीव्रतेचं विशेषण कोणतं घ्यायचं हे नाम ठरवतं. मराठीतही तसंच आहे की: थंडी कडाक्याची, झोप गाढ, चोर अट्टल. ‘गाढ पाऊस’ व्याकरणात बसतो, पण म्हणतं कोण?

आधी भूक. रोजच्या बोलण्यात सरळ ‘तेन्गो मुचा आम्ब्रे’ (मला खूप भूक लागलीय). इथे भूक हे नाम आहे, म्हणून ‘मुचो’चं रूप लागतं, ‘मुई’ फक्त विशेषण किंवा क्रियाविशेषणाआधी येतं. आपलं ‘खूप’ दोन्ही कामं करतं, म्हणून मराठी माणूस हमखास इथेच घसरतो. आणखी एक खाच: ‘आम्ब्रे’ला उच्चारासाठी ‘एल’ हे पुल्लिंगी उपपद लागतं, पण शब्द स्त्रीलिंगीच. म्हणून ‘मुचा’, आणि वखवखलेली भूक सांगायची तर ‘आम्ब्रे कानिना’ (शब्दशः कुत्र्याची भूक). ‘कानिनो’ नव्हे.

पावसाला ‘पेसादा’ लावू नका. ती इंग्रजी ‘हेवी रेन’वरून आलेली चूक. ‘पेसादो’ म्हणजे वजनाने जड, पचायला जड, किंवा डोकं खाणारा माणूस. ‘फुएर्ते’ आणि ‘तोर्रेन्सिआल’ (मुसळधार) यांतला फरक मात्र नीट बघा. स्पेनची हवामान संस्था तासाला 15 ते 30 मिमी पावसाला ‘फुएर्ते’ म्हणते, 30 ते 60 ला ‘मुई फुएर्ते’ आणि 60 च्या वर ‘तोर्रेन्सिआल’. आपल्या हवामान खात्याचा जोरदार पाऊस 24 तासांत 64.5 मिमीपासून सुरू होतो. त्यामुळे इथली बातमी भाषांतरित करताना प्रत्येक ‘मुसळधार’ला ‘तोर्रेन्सिआल’ लिहिलं, तर तिकडच्या वाचकाला पूर आल्यासारखं वाटेल. गप्पांत एवढं मोजत बसायची गरज नाही. ‘मुई तोर्रेन्सिआल’ मात्र टाळा. ‘खूप मुसळधार’ जसं खटकतं, तसंच ते.

दुखण्याला ‘फुएर्ते’ रोजचं, ‘इन्तेन्सो’ (तीव्र) जरा लेखी. हेच ‘इन्तेन्सो’ थंडीला, रंगाला आणि भावनेलाही शोभतं. डॉक्टरांसमोर ‘किती’पेक्षा ‘कसं’ जास्त उपयोगी: कळ येत असेल तर ‘आगुदो’, आतून मंद दुखत असेल तर ‘सोर्दो’ (मूळ अर्थ बहिरा). पण वैद्यकीय कागदावर ‘आगुदो’ म्हणजे अचानक उद्भवलेलं, जुनाट नसलेलं, असाही अर्थ होतो.

‘ग्रान्दे’ची (मोठा) जागा सांभाळा. एकवचनी नामाआधी ते ‘ग्रान’ होतं आणि अर्थही बदलतो: ‘उन ग्रान फुमादोर’ म्हणजे भरपूर सिगारेटी ओढणारा, ‘उन फुमादोर ग्रान्दे’ म्हणजे अंगाने थोराड धूम्रपानी. सुटता न सुटणाऱ्या व्यसनासाठी ‘एम्पेदेर्निदो’ आहे, आपल्या ‘अट्टल’च्या जवळचं.

बाकीच्या जोड्या पाठच करा. ताप ‘आल्ता’ (उंच), झोप ‘प्रोफुन्दो’, शांतता ‘सेपुल्क्राल’ (थडग्यातली), यश ‘रोतुन्दो’, अपयश ‘एस्त्रेपितोसो’ (दणदणाट करत आपटलेलं), अज्ञान ‘सुपिना’. घोडचुकीला ‘एर्रोर गार्राफाल’. हे ‘गार्राफाल’ मुळात मोठ्या जातीच्या चेरीचं विशेषण. भीषण अपघाताला ते लावाल तर लोक हसतील, तिथे ‘ग्राबे’च (गंभीर).

नवं नाम भेटलं की शब्दकोशात विशेषण शोधू नका, नाम शोधा. स्पॅनिश अकादमीच्या ‘कोर्पेस’ या खऱ्या वापरातल्या मजकुराच्या मोफत संग्रहात सहआढळाचा, म्हणजे कोणते शब्द सोबत येतात याचा, शोध आहे: नाम मूळ रूपात टाका, सोबतीचा शब्द विशेषण निवडा आणि वरची दहा-बारा उत्तरं वाचा. त्यात देशाची चाळणीही लावता येते. पत्र मेक्सिकोला जाणार असेल, तर ती लावाच.