समितीत नाव आहे, बैठकीचा निरोप नाही

प्रश्न : तंटामुक्ती समितीवर आम्हा तीन बायकांची नावं ग्रामसभेत घेतली. बैठका मात्र रात्री मारुतीच्या पारावर होतात आणि आम्हाला कळतही नाहीत. दुसऱ्या दिवशी शिपाई रजिस्टर घेऊन सहीला घरी येतो. नको म्हटलं की ‘गावात फूट पाडता का’ असं ऐकावं लागतं. काय करावं? – एक समिती सदस्य, ता. केज, जि. बीड

उत्तर : आधी ती सही थांबवा. त्या पानावर ‘तडजोड सर्वांना मान्य’ असं लिहिलेलं असतं. उद्या ती तडजोड फिसकटली किंवा कुणी कोर्टात गेलं, तर तुमचीही मान्यता होती असंच दिसेल. शिपायाशी वाद घालू नका, त्याच्या हातात काही नसतं. सहीच्या जागी स्वतःच्या अक्षरात ‘बैठकीची सूचना मिळाली नाही, गैरहजर’ असं लिहा, तारीख टाका आणि पानाचा फोटो काढून ठेवा. दोन-तीन वेळा असं झालं की निरोप यायला लागतात, कारण असा शेरा पडलेलं रजिस्टर वर दाखवायला कुणालाच आवडत नाही.

मग समितीच्या अध्यक्षांना तिघींच्या सहीने अर्ज द्या. प्रत ग्रामसेवकांना आणि पोलीस ठाण्याला द्या, आणि आपल्या प्रतीवर सही-शिक्क्याची पोच घ्या. मागण्या दोनच ठेवा. सूचना दोन दिवस आधी लेखी मिळावी. बैठक ग्रामपंचायत कार्यालयात किंवा शाळेत, दिवेलागणीच्या सुमारास व्हावी. ‘दिवसा घ्या’ एवढंच मागू नका. कापूस वेचणीत नि सोयाबीनच्या काढणीत बाई दिवसभर रानात असते. मग ‘बोलावलं होतं, आल्या नाहीत’ हे उत्तर तयारच असतं.

खरा जोर ग्रामसभेत लावायचा. ग्रामपंचायत कायद्याप्रमाणे वर्षात किमान चार ग्रामसभा होतात आणि नेहमीच्या प्रत्येक ग्रामसभेआधी महिला सभा घ्यावी लागते. बऱ्याच गावांत ती फक्त कागदावर होते, ती खरोखर भरवायला लावा. ‘महिलांचा सहभाग वाढवावा’ असा ठराव करू नका, त्याला कुणी विरोध करत नाही आणि त्याने काही बदलतही नाही. ठराव असा लिहा : ‘किमान दोन महिला सदस्य हजर नसतील, तर एका बाजूला स्त्री असलेला कोणताही तंटा समिती त्या दिवशी ऐकणार नाही.’ ग्रामसभेची गणपूर्ती 15 टक्के मतदार किंवा 100 जण, यातली कमी संख्या असते. म्हणजे 1,200 मतदारांच्या गावातही शंभरावर भागतं. साठ बायका येऊन बसल्या तर ठराव टाळणं सोपं राहत नाही. सूचक, अनुमोदक आणि बाजूने वर झालेल्या हातांचा आकडा प्रोसिडिंगमध्ये तिथेच लिहून घ्या. लिखाण संपतं तिथे रेघ ओढायला लावा, मागाहून ओळ घुसडण्याची जागा तीच असते. ठरावाची प्रत मिळत नसेल तर माहिती अधिकारात 10 रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावून अर्ज करा, 30 दिवसांत उत्तर द्यावं लागतं. अर्जात एकच विषय ठेवा.

प्रश्न : मी पोलीस पाटील आहे. सासरच्या मारहाणीची तक्रार घेऊन बाई आली की समिती दोन्हीकडच्यांना बसवते आणि बाँडवर लिहून घेते. प्रकरण मिटतं. यात वावगं काय? – ता. औसा, जि. लातूर

उत्तर : पाटील, मिटतं की दबतं, हे सहा महिन्यांनी त्या बाईला एकटीला विचारून पाहा.

तंटामुक्त गाव मोहीम 15 ऑगस्ट 2007 ला सुरू झाली ती बांध, वाट, पाणी, किरकोळ शिवीगाळ असले तंटे गावातच सुटावेत म्हणून. समितीला दंड करण्याचा किंवा शिक्षा देण्याचा अधिकार नाही, ती फक्त समेट घडवू शकते. सासरचा छळ हा तडजोडीने मिटवता येणारा गुन्हा नाही. गुन्हा नोंदला गेला असेल तर तो रद्द करून घ्यायला उच्च न्यायालयातच जावं लागतं. मूल अठराच्या आतलं असेल आणि लैंगिक अत्याचार झाला असेल, तर पोलिसांना न कळवणं हाच गुन्हा आहे. तिथे बैठक घेणारे स्वतःच अडकतात.

बाँडवर लिहिलेली फारकत म्हणजे घटस्फोट नव्हे. जातीची रूढी आहे म्हणायचं तर ती कोर्टात सिद्ध करावी लागते. बहिणीकडून साध्या बाँडवर घेतलेलं हक्कसोडपत्रही नोंदणीशिवाय जमिनीच्या बाबतीत उपयोगाचं नाही. 

तुम्ही करायचं ते इतकंच : मारहाण चालू असेल तर 112 (पोलीस), एरवी 181 (महिला हेल्पलाइन). बाईला संरक्षण अधिकाऱ्याकडे पाठवा. 2005 च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्याखाली घटनेचा अहवाल ते भरतात आणि राहत्या घरात राहण्याचा आदेशही मागता येतो. वकील तालुका विधी सेवा समितीकडून मोफत मिळतो. स्त्रीला त्यासाठी उत्पन्नाची अट नाही. ही माहिती तिला तिच्या सासऱ्यासमोर देऊ नका.

प्रश्न : आरक्षणाच्या वादानंतर गावात दोन तट पडलेत. एकमेकांच्या दुकानात जाणं बंद आहे. आमचा बचत गट मोडायच्या बेतात आहे. बायकांनी काय करावं? – गट सचिव, ता. अंबड, जि. जालना

उत्तर : गट मोडू देऊ नका. भावनेची बाब बाजूला ठेवा, बँकेचं कर्ज गटाच्या नावावर आहे आणि ते फेडण्याची जबाबदारी सगळ्यांची मिळून आहे. चौघी निघून गेल्या तर हप्ता उरलेल्यांवर पडतो आणि त्यातून नवा तंटा उभा राहतो. बैठक कुणाच्या घरी नको, अंगणवाडीत घ्या. विषय फक्त हिशेबाचा ठेवा : बचत, हप्ता, अंतर्गत कर्ज. आंदोलनाचं कुणी काढलं तर अध्यक्षांनी पुढचा आकडा वाचावा. तरीही जमेना तर ग्रामसंघातल्या (गावातल्या बचत गटांच्या संघातल्या) बाईला दोन-तीन बैठकांना येऊन बसायला सांगा.

दुसरी गोष्ट, ठिणगी नेमकी कुठे पडते ते हेरून ठेवा. सभेत माणसं जपून बोलतात. भडका उडतो तो टँकरजवळ, पिठाच्या गिरणीत, शाळेच्या फाटकावर आणि मोबाइलच्या ग्रुपवर. दोन्ही बाजूंच्या दोन-दोन बायका ठरवा आणि टँकरच्या वेळी त्यांनी एकत्र उभं राहावं. टँकरच्या लॉगबुकवर महिलांच्या सह्या घेण्याची पद्धत आहे. त्या सह्या दोन वेगळ्या वस्त्यांतल्या असू द्या, म्हणजे ‘आमच्याकडे कमी खेपा’ हे भांडण उभंच राहत नाही. क्लिप आली की पुढे पाठवायची नाही. कुठली, कधीची हे विचारायचं, उत्तर नसेल तर ती बीट अंमलदाराला पाठवायची. सणांच्या आधी पोलीस ठाण्यात शांतता समितीची बैठक होते. तिथेही दोन्हीकडच्या बायकांची नावं ठाणेदारांना लेखी द्या.

बहिष्काराबद्दल एक गल्लत नेहमी होते. 2016 चा सामाजिक बहिष्कार कायदा मुख्यतः जातपंचायतीने आपल्याच माणसाला वाळीत टाकण्याविरुद्ध आहे. त्यात तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. बहिष्कार अनुसूचित जाती-जमातीच्या कुटुंबावर असेल तर अ‍ॅट्रॉसिटी कायदा लागतो. तुमच्यासारख्या दोन गटांतल्या अबोल्याला यातलं काही सहज बसत नाही, म्हणून तक्रारीच्या मागे धावण्यापेक्षा गिरणी आणि किराणा सुरू करून घ्या. पहिल्याच आठवड्यात फलक घेऊन शांतता फेरी काढू नका. ज्या बाजूच्या बायका जास्त, त्या बाजूची ती फेरी ठरते.

प्रश्न : स्पर्धा परीक्षेच्या तयारीत ‘1325’ ठराव वाचला. त्याचा आपल्याकडे काही उपयोग आहे का? – विद्यार्थिनी, नांदेड

उत्तर : संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेने 31 ऑक्टोबर 2000 ला हा ठराव एकमताने केला. संघर्ष टाळणं, संघर्षात स्त्रियांचं संरक्षण, मदत-पुनर्वसन आणि शांततेच्या वाटाघाटींत सहभाग असा त्याचा आवाका आहे. गावच्या तंट्याला तो थेट लागू होत नाही. परीक्षेपुरतं एवढं पुरे.

उपयोगाचा आहे तो उत्तर आयर्लंडचा दाखला. 1996 मध्ये तिथल्या एकमेकांशी भांडणाऱ्या कॅथलिक आणि प्रॉटेस्टंट गटांतल्या स्त्रियांनी मिळून महिला आघाडी काढली आणि शांततेच्या चर्चेला कोण बसणार हे ठरवणारी निवडणूक लढवली. मतं जेमतेम एक टक्का मिळाली. पण पहिल्या दहा पक्षांना प्रत्येकी दोन जादा जागा देण्याचा नियम होता, त्यात त्या बसल्या. चर्चेला पाठवल्या त्या दोघींपैकी मोनिका मॅकविल्यम्स कॅथलिक, तर पर्ल सेगर प्रॉटेस्टंट. त्यामुळे त्यांना कुणा एका बाजूच्या म्हणून उडवून लावणं अवघड झालं. 1998 च्या शांतता करारापर्यंत त्या टेबलावर होत्या. अंबडच्या ताईंना वर दोन्हीकडच्या बायकांची जोडी सुचवली ती याच हिशेबाने.

आपल्याकडचं उदाहरण हवं असेल तर 1993 च्या किल्लारी भूकंपानंतरची घरदुरुस्ती बघ. लातूर-उस्मानाबादच्या गावांत महिला मंडळातल्या बायका ‘संवाद सहायक’ म्हणून नेमल्या गेल्या. अभियंता आणि घरमालक यांच्यातला दुवा त्या झाल्या. नेमणूक सरकारी कामात होती म्हणून त्यांचं म्हणणं ऐकलं गेलं, नुसत्या मदतीला आलेल्या बायकांचं इतकं ऐकत नाहीत.

प्रश्न : गावातल्या निम्म्या मारामाऱ्या देशी दारूच्या दुकानापासून सुरू होतात. ते बंद करायला ‘आडव्या बाटली’साठी मतदान मागायचंय. – महिला मंडळ, ता. धारूर, जि. बीड

उत्तर : महिला मतदारांपैकी 25 टक्के सह्यांचा अर्ज राज्य उत्पादन शुल्क विभागाच्या जिल्हा अधीक्षकांकडे द्यायचा. सह्यांची पडताळणी होते, म्हणून प्रत्येकीच्या नावापुढे मतदार यादीतला क्रमांक लिहा आणि जादा सह्या घ्या. माहेरी नाव असलेल्या सुनांच्या सह्या बाद होतात. मग गुप्त मतदान होतं. हरतात त्या इथे : निम्म्याहून जास्त मतं लागतात ती झालेल्या मतदानाच्या नव्हे, यादीतल्या एकूण महिलांच्या. यादीत 640 असतील तर सह्या 160 आणि मतं 321. त्यातल्या 200 जणी ऊसतोडीला गेलेल्या असतील तर उरलेल्या 440 मधून 321 काढणं जवळपास अशक्य. म्हणून अर्ज असा द्या की मतदान पाडव्यानंतर, टोळ्या परतल्यावर आणि पेरणीच्या आधी लागेल. मतदानाने परवान्याचं दुकान बंद होतं. हातभट्टी त्यात येत नाही, तिची तक्रार पोलीस ठाण्यात आणि उत्पादन शुल्क विभागात वेगळी करायची, तीही मतदानाची वाट न पाहता.