इंजिन बंद पडलं की विमान दगडासारखं खाली येतं का?

प्रश्न: माझी मुलगी फ्लाइंग स्कूलला आहे, सेस्ना १७२ वर शिकतेय, आता सोलो (एकटीनं उडवायचं) लागणार म्हणते. परवा फोनवर सांगत होती, सरांनी वर असतानाच इंजिन कमी केलं न म्हणाले, आता उतरव. तेव्हापासून माझ्या डोळ्याला डोळा नाही. इंजिन एकच, ते गेलं तर काय?
— एक आई, परभणी

उत्तर: ताई, आधी एक सांगतो, सरांनी इंजिन बंद केलेलं नसतं, फक्त थ्रॉटल (इंजिनाची ताकद कमी-जास्त करायचा दांडा) मागे घेतलेला असतो आणि ठरलेल्या उंचीवर आलं की परत देतात. ही प्रॅक्टिस झाल्याशिवाय पोरीला एकटं सोडणं मला तरी पटणार नाही.

विमानाला वर धरतात ते पंख, आणि पंखाला फक्त समोरून वारा लागतो. इंजिन गेलं की नाक जरा खाली करायचं, उंची खर्च होते पण वेग टिकतो. १७२ ला हा वेग मॉडेलप्रमाणे ६५ ते ६८ नॉट्स, म्हणजे ताशी १२०-१२६ किलोमीटर, आणि वारा नसेल तर १००० फुटांमागे पावणेतीन किलोमीटर जातं ते. जमिनीपासून ३००० फुटांवर असलात तर ८ किलोमीटर आणि साधारण ४ मिनिटं हातात असतात. आता इथं पोरं चुकतात, कारण मीटरवरची उंची समुद्रसपाटीपासूनची असते, संभाजीनगरचं विमानतळच १९०० फुटांच्या आसपास आहे, म्हणजे तिथं मीटरवर ४००० फूट दिसत असले तरी जमिनीपासून खरे २१००च.

त्या ४ मिनिटांत आधी वेग, मग शेत, मग बाकीचं. टाकी बदलून बघायची, मिक्श्चर (पेट्रोल-हवेचं प्रमाण), मॅग्नेटो (इंजिनाला ठिणगी देतात ते) बघायचे, कारण बरेचदा घोळ पेट्रोलचाच असतो, संपलेलं किंवा पाणी गेलेलं (म्हणून उडायच्या आधी टाकीतून थोडं पेट्रोल काढून बघतात, हे तिनं एक दिवसही चुकवू नये). मग रेडिओवर मेडे, म्हणजे संकटाची हाक.

शेत निवडणं हे आपल्या भागात खरं कसब आहे. ऊस नको, उंच तूर नको. काढणी झालेलं सोयाबीन किंवा हरभऱ्याचं रान सगळ्यात चांगलं. नांगरलेलं असेल तर तासांच्या दिशेनंच उतरायचं, आडवं गेलं की पुढचं चाक रुततं न विमान उलटतं, आणि पावसाळ्यात काळ्या मातीत तर हे नक्कीच समजा. विजेच्या तारा वरून दिसत नाहीत हो, खांब दिसतात, म्हणून खांबांची रांग शोधायची. विहिरी, शेततळी आधीच बघून ठेवायची. कुठं धूर दिसला तर वाऱ्याची दिशा कळते.

मला खरी काळजी वाटते ती टेकऑफनंतरच्या पहिल्या ४००-५०० फुटांची. तिथं इंजिन गेलं की मन म्हणतं, रनवे मागेच तर आहे, वळूया. वळताना उंची जाते, घाईत वेग जातो, विमान स्टॉल होतं, म्हणजे पंख त्याला धरेनासे होतात, आणि तेवढ्या खालून सावरायला जागाच नसते. चांगली शिकलेली माणसं यात गेलीयेत. म्हणून आज फोन आला की तिला एवढंच विचारा, ४०० फुटांवर इंजिन गेलं तर काय करशील? ती "समोरच उतरवेन, फार तर थोडं डावं-उजवं" म्हणाली तर ठीक. "परत वळेन" म्हणाली तर सोलोच्या आधी सरांजवळ बसून हे एकदा नीट बोलून घे म्हणावं.