पहिलं वेत घेण्याआधी

लॅब्राडॉर कुत्र्याची मादी आहे म्हणून लगेच पिल्लं काढायला जाऊ नकोस. २०१७च्या केंद्राच्या नियमांप्रमाणे ती किमान १८ महिन्यांची हवी आणि विक्रीसाठी पैदास करायची तर राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी लागतेच. मी तर दोन वर्षं थांब म्हणेन, कारण खुब्याचे एक्स-रे तेव्हा भरवशाचे येतात. खुबा वाईट निघाला तर मादी कितीही देखणी असो, पैदाशीतून बाद. जोड लावण्यापूर्वी दोघांची ब्रुसेलाची (जोडातून पसरणाऱ्या, गर्भपात घडवणाऱ्या जिवाणूची) तपासणी कर. नराचा मालक कुरकुरला तर तो नर नकोच.

गाभणकाळ साधारण ६३ दिवसांचा. ऑक्टोबरात जोड लावलीस तर पिल्लं डिसेंबरात, आणि नाशिकची थंडी तुला सांगायला नको (निफाडकडे तर विचारूच नको). पहिले दोन-तीन आठवडे पिल्लांना अंगची ऊब धरता येत नाही. एका कोपऱ्यात बल्ब लाव, पण मादीला लांब सरकायला जागा ठेव. रात्री फोन उचलणारा डॉक्टर आधीच गाठून ठेव.

आठ आठवड्यांच्या आत पिल्लू कुणालाही द्यायचं नाही. गंगापूर रोडच्या फ्लॅटवाल्याला आधी विचार, दिवसभर घरी कोण असतं? पैशांचं नंतर. परत आलेलं पिल्लू तुझंच. नफ्याचं म्हणशील, तर लसी आणि खाद्य धरून हिशोब मांड, मग बोलू.