'इग्बा-बोई'ला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न असा आहे: नायजेरियातल्या इग्बो व्यापाऱ्यांवरचा मजकूर मराठीत आणताना 'इग्बा-बोई' हा शब्द अडला. यात व्यापाऱ्याकडे राहून धंदा शिकणाऱ्या मुलाला पगार मिळत नाही, तेव्हा 'वेठबिगारी' चालेल का?

कृपा करून वेठबिगारी नको, अर्थाचा अनर्थ होईल. वेठबिगाराच्या हाती शेवटी काहीच लागत नाही. इथे सगळा करारच शेवटासाठी असतो. मुलगा साधारण पाच ते आठ वर्षं व्यापाऱ्याच्या घरी राहतो, दुकानात राबतो. खाणंपिणं, कपडे मालकाकडे. मुदत भरली की मालक भांडवल, माल, बऱ्याचदा गाळ्याचं भाडंही देऊन त्याला स्वतंत्र दुकान थाटून देतो. 'बोई' म्हणजे इंग्रजीतला 'बॉय'च, आपल्याकडचा पोऱ्या.

माझं मत 'उमेदवारी'ला. निवडणुकांनी हा शब्द पळवला असला, तरी 'अमुक वकिलांकडे उमेदवारी केली' हे आजही कानाला खटकत नाही. शिवाय त्यातली उमेद इथे नेमकी बसते.

मात्र 'इमू-अहिया'शी गल्लत करू नका. शब्दशः अर्थ 'बाजार शिकणं'. त्यात मुलगा पैसे भरून धंदा शिकतो, पुढे त्याला उभं करणं मालकावर बंधनकारक नसतं. तिथे 'धंद्याचं शिक्षण' पुरे.

मूळ मजकुरात 'सेटलमेंट' असेलच. कोशातली 'तडजोड' उचलू नका. मराठीत माणूस स्वतः सेटल होतो. ओनित्शाच्या किंवा लागोसमधल्या अलाबाच्या बाजारात मालक पोऱ्याला सेटल करतो. यासाठी 'बस्तान बसवून देणं' इतका चपखल वाक्प्रचार आपल्याकडे तयार आहे. आणि ते बस्तान अनेकदा त्याच धंद्यात, त्याच बाजारात बसतं. मालक स्वतःच्या हातानं स्पर्धक उभा करतो! 'ओन्ये अघाला न्वान्ने या', आपल्या भावंडाला कुणी मागे टाकून जाऊ नये, ही इग्बो म्हण तिथे प्रत्यक्ष व्यवहारात उतरलेली दिसते. बियाफ्राचं युद्ध (नायजेरियातून फुटू पाहणाऱ्या इग्बोबहुल पूर्व भागाचं यादवी युद्ध) 1970 मध्ये संपलं, तेव्हा बँकेत कितीही रक्कम असो, तिथल्या खातेदाराच्या हाती 20 पौंड टेकवले गेले. त्यातून इग्बो व्यापार पुन्हा उभा राहिला, त्यात या पद्धतीचा वाटा फार मोठा आहे.

'ओसो-अहिया' हाही शब्द भेटेल. गिऱ्हाईक एखादा सुटा भाग मागतं, दुकानात तो नसतो. पोऱ्या 'बसा, आणतो' म्हणून शेजारच्या गल्लीत धावतो, ओळखीच्या दुकानातून विश्वासावर वस्तू आणतो, वर थोडा नफा ठेवून विकतो आणि मूळ किंमत पोचती करतो. 'ओसो' म्हणजे धाव. याला मराठी प्रतिशब्द शोधत बसू नका, एका वाक्यात समजावून सांगा.

मालकासाठी 'ओगा' (हा योरुबा या शेजारच्या भाषेतून आलेला) तसाच ठेवा. खास इग्बो शब्द 'न्ना उक्वू', म्हणजे थोरला बाप. आणि पोऱ्याला म्हणतात 'न्वा बोई', त्यातला 'न्वा' म्हणजे लेकरू. नोकर-मालक लिहिलंत की हे नातं पुसलं जातं.

सगळे ओगा शब्द पाळतात असं नाही. मुदत भरत आली की चोरीचा आळ घेऊन हाकलणारेही असतात, आणि करार तोंडी असल्यानं भाऊबंदातली वडीलधारी मंडळी मध्ये पडतात. कोशारिस या मोठ्या उद्योगाचे संस्थापक कॉस्मस मडुका यांना नात्यातल्या ओगानं अवघे 200 नायरा (नायजेरियाचं चलन) देऊन वाटेला लावलं होतं. अशा जागी 'बस्तान' वापरू नका. तिथे 'बोळवण केली' हेच लिहा.