भिंतीवरचा जुना पाईप कापू का?

प्रश्न : आमचं साताऱ्यातलं घर 1971 सालचं, सासऱ्यांनी बांधलेलं. 2012 मध्ये आतली नळजोडणी सीपीव्हीसीची, म्हणजे प्लॅस्टिकच्या पाईपची करून घेतली, पण बाथरूमच्या भिंतीवरून जाणारे दोन जुने जी.आय. (जस्ताचा मुलामा दिलेले लोखंडी) पाईप तसेच राहिले. मागच्या बाजूला एक बीडाचा पाईपही थेट गच्चीच्या वर गेलाय. आता बाथरूमला टाइल्स लावायच्या आहेत. एक प्लंबर म्हणतो, ‘सगळे मेलेले आहेत, कापून टाकू.’ दुसरा म्हणतो, ‘हात लावू नका.’ कुणाचं ऐकायचं?

उत्तर : ताई, सध्या दोघांचंही नको. पाईपला हात न लावता भिंतीकडे नुसतं बघून दोघं बोललेत असं दिसतंय.

आधी जी.आय. पाईपचं बघू. दोन्ही पाईपांची दोन्ही टोकं शोधा. एक टोक गच्चीवरच्या टाकीकडे जातं की पाण्याच्या मीटरकडे, एवढं कळलं तरी निम्मं काम झालं. टोक भिंतीत गडप झालं असेल, तर नगरपालिकेचं पाणी यायच्या थोडं आधी तिथं जाऊन उभ्या राहा. लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक पाईपवर टेकवा आणि मूठ कानापुढच्या हाडावर दाबून धरा. पाणी दिवसातून थोडा वेळच येतं, त्यामुळे मधल्या वेळात लाईनीत हवा भरलेली असते. पाणी सुटलं की आधी ती हवा ‘सूं’ करत पुढे ढकलली जाते, मग बारीक थरथर लागते आणि थोड्या वेळात पाईप हाताला गार लागतो. मेलेल्या पाईपात यातलं काहीच होत नाही. टाकीकडून येणारी लाईन असेल तर उलटं करा : भर दुपारी घरातले नळ एकेक करून सोडा आणि पाईपवर तळहात ठेवा. टाकीतलं तापलेलं पाणी आलं की कळतंच.

मीटरजवळची चावी बंद करून ‘बघा, पाणी आलं नाही’ असं कुणी दाखवलं, तर त्यावर जाऊ नका. जुन्या गेट व्हॉल्वमध्ये दांडा फिरतो आणि आतला पडदा सुटून तिथंच अडकलेला असतो. चावी बंद वाटते, पाणी चालूच. किंवा चावी उघडी वाटते आणि पाणी कधीचंच बंद.

पाईप खरंच मेलेला निघाला, तर दिसतो तेवढा तुकडा कापून तोंडाला प्लग ठोकायचा, हे आपल्याकडचं आवडतं काम. ते करू देऊ नका. मागे चालू लाईनीला जोडलेला बंद तुकडा राहिला की त्यात पाणी साठून राहतं, गंजतं, आणि दाब कमी झाला की तेच तांबूस पाणी परत लाईनीत उतरतं. वर टाइल्स लागल्यावर कुणी गीझरसाठी ड्रिल मारलं की फवारा ठरलेला. जिथून फाटा फुटतो त्या ‘टी’पाशीच तोडायला सांगा, भिंत थोडी जास्त फोडावी लागली तरी.

आता जे दोघांपैकी एकानंही विचारलेलं दिसत नाही ते. विजेच्या मीटर बोर्डाच्या खालून एखादी उघडी तार येऊन त्या जी.आय. पाईपला क्लँपनं आवळलेली आहे का बघा. जुन्या घरांत पाण्याच्या पाईपलाच अर्थिंग द्यायची पद्धत होती. अशा पाईपात थेंब पाणी नसलं, तरी तो कामात असू शकतो. आणि 2012 मध्ये मधेच प्लॅस्टिकचा तुकडा घातला असेल, तर अर्थिंग बहुधा तेव्हाच तुटलंय आणि घरातल्या कुणालाच त्याचा पत्ता नाही. तार दिसली तर तिला हात लावू नका. प्लंबरच्या आधी इलेक्ट्रिशियन बोलवा, अर्थिंगचा वेगळा खड्डा करून घ्या, 30 मिलिअँपिअरचा आर.सी.सी.बी. (वीज गळू लागली की लगेच पुरवठा तोडणारा स्विच) बसवून घ्या. गीझर असलेल्या बाथरूममध्ये हा खर्च पुढे ढकलू नये.

बीडाच्या पाईपला मात्र आत्ता कुणी करवत लावायची नाही. वरच्या मजल्यावरून कुणाला तरी बादलीभर पाणी ओतायला सांगा, आधी मोरीत, मग संडासात, आणि तुम्ही खाली पाईपला कान लावा. पाणी वाहत असेल तर घळघळ ऐकू येईलच. शंका राहिली तर पाण्यात होळीचा रंग कालवा आणि तो कोणत्या चेंबरमध्ये उतरतो ते झाकण काढून बघा. कशानंच आवाज आला नाही आणि गच्चीच्या वर त्याचं तोंड उघडं असेल, जाळीची टोपी असेल, तर तो हवेचा पाईप, म्हणजे व्हेंट, असण्याची शक्यता मोठी. त्यातून पाणी कधीच जात नाही, पण तो बंद केला की संडासाचं पाणी ओढ घेऊन ट्रॅपमधलं, म्हणजे गटाराचा वास अडवणाऱ्या वाकड्या नळीतलं पाणी शोषतं आणि घरभर गटाराचा वास सुटतो. मग लोक फिनेल ओतत बसतात.

शेवटी एक कागदाचं काम. मेलेला पाईप जुन्या, वेगळ्या नळजोडाचा निघाला तर नगरपालिकेकडे तो जोड बंद करण्याचा अर्ज द्या आणि रस्त्यावरच्या मुख्य लाईनीपाशी, फेरूललाच, म्हणजे जिथून तुमचा जोड घेतलाय तिथंच, बंद करून घ्या. अर्जाची पोच घ्यायला विसरू नका. नाहीतर घरात पाईप नाही आणि पाणीपट्टी मात्र दोन जोडांची येत राहील.