जुनी शिडाची बोट घेताना: ठोका, दाबा, हुंगा

प्रश्न : न्यू जर्सीत १९८० सालची जे/२४ विकायला आहे. रंग ताजा, शिडं बरी, किंमत आवाक्यातली. सर्व्हेअरवर (बोट तपासून देणाऱ्या तज्ज्ञावर) खर्च करण्याआधी बांधणीची अवस्था स्वतः कशी ताडून पाहावी?

उत्तर : रंग ताजा आहे हे ऐकून आम्ही आधी सावध होतो. चाळिशी उलटलेल्या बोटीवर नवा रंग दिसला की खाली काय बुजवलंय, हे पहिलं विचारा. साल विक्रेत्याच्या तोंडून घेऊ नका. बोटीच्या मागच्या उभ्या पाटीवर उजवीकडे कोरलेला १२ अक्षरी क्रमांक असतो (अमेरिकेत १९७२च्या नोव्हेंबरपासून तो सक्तीचा आहे). त्याच्या शेवटच्या चार अक्षरांत साल दडलेलं असतं.

जे/२४ ही ७.३२ मीटरची बोट. रॉड जॉनस्टन यांचं डिझाइन, १९७७पासून उत्पादन आणि आजवर पाच हजारांहून जास्त नग. तिचा तळ आणि डेक दोन्ही सँडविच पद्धतीचे आहेत, म्हणजे फायबरचे दोन पातळ थर आणि मध्ये आडव्या कापाचं बाल्सा लाकूड. कल्पना उत्तम आहे, बोट हलकी आणि ताठ होते. घोटाळा होतो तो बोल्टांपाशी. विंच (दोर ओढायची चरखी), कठड्याचे खांब, जिब म्हणजे पुढच्या शिडाची पट्टी, डोलकाठीचे दोर जिथे अडकतात त्या चेनप्लेट, या सगळ्यांचे बोल्ट बाल्सातून आरपार जातात. सीलंट सुकून भेगाळला की पाणी थेट लाकडात उतरतं, आणि वरून काही दिसत नाही.

म्हणून ठोकून पाहा. स्क्रू ड्रायव्हर उलटा धरून त्याच्या प्लॅस्टिकच्या मुठीने, दर पाच सेंटिमीटरवर. धड भाग ‘टक्’ असा खणखणीत बोलतो. थर सुटले असतील किंवा लाकूड कुजलं असेल तिथे ‘थप्’ असा बसका आवाज येतो. त्या जागेभोवती चिकटपट्टीने सीमा आखत चला म्हणजे डाग केवढा ते कळेल. आत बल्कहेड (बोटीतली आडवी भिंत) किंवा कप्प्याची भिंत असेल तिथेही आवाज बदलतो, आणि नवखे इथेच फसतात. डावीकडची जागा ठोकलीत की नेमकी तीच जागा उजवीकडे ठोका. दोन्हीकडे आवाज सारखाच बदलला तर बहुधा आतली रचना, एकाच बाजूला बदलला तर संशय. मग त्याच जागी टाचेने दाबा. डेक लवला किंवा बोल्टाच्या कडेने पाणी पाझरलं की वेगळा पुरावा नको.

ओलावा मोजणारं यंत्र मिळालं तर वापरा, पण त्यावरचा आकडा टक्केवारी समजू नका. तो फक्त तुलनेसाठी. पावसानंतर लगेच, किंवा मागे धातूची पट्टी वा पाण्याची टाकी असेल तर यंत्र खोटं बोलतं. बोट काही आठवडे पाण्याबाहेर असेल तरच तळावरच्या वाचनाला अर्थ. खात्रीचा उपाय एकच: मालकाची परवानगी घेऊन आतल्या बाजूने ३ मिलिमीटरचं छिद्र पाडा, वरचा थर न फोडता. भुसा पांढरा, कोरडा निघाला तर ठीक. तपकिरी, ओला निघाला तर काळजी. काळा चिखल निघाला तर ते लाकूड गेलं.

आता कील, म्हणजे तळाखालचा वजनदार पंख. या बोटीची कील शिशाची, सुमारे ४३० किलोची. बोट पट्ट्यांवर लटकवून कील जमिनीपासून जेमतेम उचला आणि कीलचं टोक हाताने आजूबाजूला ढकलत दुसऱ्या कुणाला सांध्याकडे बघायला सांगा. सांधा उघडझाप करता कामा नये. पुढच्या कडेला हसऱ्या ओठासारखी केसाएवढी भेग असेल तर सहसा फक्त भरण तडकलेलं असतं. तिच्यातून गंजाचं पाणी झिरपत असेल तर कील धरून ठेवणारे बोल्ट तपासल्याशिवाय पुढे जाऊ नका. स्टेनलेस स्टीलला हवा मिळाली नाही आणि ओल मिळाली, की ते फटीत लपून गंजतं. सुरुवातीच्या जे/२४मध्ये कीलवरची पोकळी व्हर्मिक्युलाइट (एक हलकं खनिज) मिसळलेल्या रेझिनने, म्हणजे फायबरचे धागे ज्यात भिजवतात त्या राळेने, भरलेली असायची. ते पाणी शोषतं. त्यामुळे तिथे ओल सापडली तर ते भरण उकरून काढायचं काम अंगावर येतं, हे धरून चाला.

शेवटी मुख्य बल्कहेड. चेनप्लेटखाली प्लायवुड काळं पडलंय का बघा आणि स्क्रू ड्रायव्हरचं टोक टोचा. रुतलं तर डोलकाठीचा ताण झेलणारं लाकूडच गेलंय.

डेकवर दोन-तीन ठिकाणी तळहाताएवढी ओल असेल तर किंमत पाडून घ्या. ते घरी होतं: ६ मिलिमीटरच्या बोल्टाचं भोक १२चं करायचं, कुजकं बाल्सा खरवडायचं, वाळवून घट्ट इपॉक्सी भरायचं आणि त्यातूनच पुन्हा ६चं भोक पाडायचं. पाण्याखालच्या तळात बाल्सा पसरट ओलं असेल तर मात्र फुकट मिळाली तरी घेऊ नका.

प्रश्न : साठच्या दशकातल्या फायबर बोटी जाड, म्हणून भक्कम, हे खरं का?

उत्तर : अर्धं. जाडी दुप्पट झाली तर ताठपणा आठपट होतो, त्यामुळे जाड तळ लवत नाही हे खरं. पण ताकद येते काचेच्या धाग्यातून. नुसतं रेझिन जास्त असेल तर तो भाग ठिसूळ असतो. पाइपसाठी कापलेल्या भोकाची कड शोधा आणि थर मोजा. विणलेल्या कापडाचे थर दिसायला हवेत. सगळीकडे शेवया पसरल्यासारखे तुटक धागेच असतील, तर तळ बंदुकीने फवारलाय आणि जाडी जागोजाग कमी-जास्त असणार. पांढरे, कोरडे धागे म्हणजे तिथे रेझिन पोचलंच नाही.

प्रश्न : तळाला वाटाण्याएवढे फोड आहेत. बोट बाद समजायची का?

उत्तर : नाही. डोळ्यांना संरक्षक चष्मा लावून एक फोडा. आतलं पाणी चिकट आणि व्हिनेगरसारखं आंबट वासाचं असेल तर तो ऑस्मोसिस, म्हणजे पाणी फायबरच्या थरात झिरपून आलेला फोड. वास नसलेलं साधं पाणी असेल तर बऱ्याचदा फक्त रंगाचा थर सुटलेला असतो. पाच-दहा फोड खरवडून, वाळवून इपॉक्सीने भरता येतात. सगळा तळ भरलेला असेल तर जेलकोट (फायबरवरचा बाहेरचा गुळगुळीत थर) सोलून तळ महिनोन्‌महिने वाळवावा लागतो. मुंबई-कोकणात हे काम पावसाळ्यात उघड्यावर काढूच नका. चार महिने बोट बाहेर असली तरी त्या हवेत तळ वाळत नाही.

प्रश्न : डोलकाठीच्या तारा चमकतात. बदलाव्या लागतील?

उत्तर : चमकेवरून कळत नाही. दहा पट भिंगाने टोकांची दाबलेली नळी बघा. उभी केसासारखी चीर किंवा एकही तुटलेला धागा दिसला की तार बाद. वय माहीत नसेल, किंवा १०-१५ वर्षांच्या पुढे असेल, तर संपूर्ण संच बदलण्याचा खर्च बोटीच्या किमतीत आधीच धरा. चेनप्लेट मात्र काढूनच बघा. त्या गंजतात डेकच्या जाडीत, जिथे भिंग पोचत नाही.