पुस्तकातल्या 'पृष्ठ ४५ पाहा' अशा उल्लेखांना आपोआप लिंक कशी लावायची?

मजकूर एचटीएमएलमध्ये (वेबपानाच्या कोडमध्ये) आहे असं धरतो. आधी प्रत्येक छापील पानाच्या सुरुवातीला 'पान-४५' अशा नावाची खूण (id) टाका. मग रेग्युलर एक्स्प्रेशनने, म्हणजे मजकुरातला नमुना शोधायच्या सूत्राने, शोधून बदला:

(^|[ (])(पृष्ठ|पृ\.|पान) *([०-९]+)

गोल कंसांच्या प्रत्येक जोडीतला भाग म्हणजे एक गट. पहिला गट जसाच्या तसा परत ठेवा. दुसरा-तिसरा मिळून लिंकचा मजकूर, आणि तिसऱ्यातला आकडा खुणेच्या नावात. इंग्रजी आकडेही असतील तर शेवटच्या चौकोनी कंसात तेही घाला, आणि खुणेच्या नावात ते देवनागरी करून वापरा.

पहिला गट फालतू वाटेल, पण काढू नका. तो नसेल तर 'जपान २०२०' मधल्या 'पान २०२०' ला लिंक लागते! शब्द कुठे सुरू होतो नि संपतो ते दाखवणारं नेहमीचं चिन्ह (\b) इथे भरवशाचं नाही. पायथॉनच्या साध्या 're' मॉड्यूलमध्ये मात्रा अक्षरांत धरल्या जात नाहीत, त्यामुळे 'पानावर' मध्येही 'न' नंतर सीमा सापडते. जावास्क्रिप्टला तर देवनागरी अक्षरंच शब्दाचा भाग वाटत नाहीत.

'पृ. ४५-४८' असेल तर पहिल्या पानाला लिंक लागते, तेवढं पुरे.

थेट पीडीएफवर करणार असाल तर आकड्यांत फरक पडतो. प्रस्तावनेची १२ पानं वेगळ्या क्रमांकांची असतील, तर छापील ४५ म्हणजे फाइलमधलं ५७वं पान, आणि मोजणी शून्यापासून करणाऱ्या प्रोग्रॅमिंग लायब्ररीत (तयार कोडच्या संचात) ५६. त्यात पीडीएफमधून देवनागरी बऱ्याचदा तुटकी बाहेर येते, म्हणून मी तरी मूळ फाइलवरच करतो.

हे बदल करणारी स्क्रिप्ट नेहमी मूळ प्रतीवर चालवा. पहिला गट काढून दुसऱ्यांदा चालवलीत तर लिंकच्या आत लिंक होऊ शकते.